जुन्या छोट्या ट्रॅक्टरची चाकं : भोकं बुजवून विकलेली रिमची जोडी

मे महिना अर्धा सरला की कोकणात छोट्या ट्रॅक्टरच्या जुन्या चाकांना एकदम भाव येतो. मृग तोंडावर आलेला असतो, चिखलणी पुढे ढकलता येत नाही आणि पंधरा-वीस वर्षांच्या रिमा खारी हवा आणि कुणग्यातला (भातखाचरातला) चिखल खाऊन व्हॉल्व्हच्या भोकापाशी कुजलेल्या असतात. ही घाई विकणाऱ्यांना पक्की ठाऊक असते. राजापूर तालुक्यातल्या एका बागायतदाराची फसवणूक अशीच झाली. ती कशी झाली हे तपशिलात सांगायला हवं, कारण माल हातात आल्यावरही तो खोटा आहे हे ओळखू आलं नव्हतं.

ट्रॅक्टर जुना, १८ एचपीचा. मागे ८.०० - १८ आणि पुढे ५.२० - १४, म्हणजे या वर्गातल्या बऱ्याच ट्रॅक्टरना असतात तेच टायर. मागची एक रिम फाटली म्हणून मोबाइलवरच्या जाहिरातीतून घाटावरच्या एका विक्रेत्याकडे जोडीची चौकशी झाली. फोनवर प्रश्न एकच विचारला गेला : "८-१८ आहे ना?" उत्तर आलं, "सेम टू सेम, बसवा आणि चालवा." आलेल्या सगळ्या फोटोंत टायर चढवलेलेच होते आणि रिमवर ताजा चंदेरी रंग. जोडी १४,००० रुपयांना ठरली. त्यातले ५,००० टोकन म्हणून आणि उरलेले बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो आल्यावर ऑनलाइन.

चाकं आली आणि हबवर, म्हणजे आसाच्या टोकाला चाक जिथे बसतं त्या भागावर, बसलीही. हबचे सहा स्टड (बोल्ट), चाकाला सहा भोकं. पण थोडं काम झालं की नट ढिले व्हायचे, आवळले की परत ढिले. शेवटी एका भोकापासून शेजारच्या भोकाकडे केसासारखी चीर दिसली. वायर ब्रश मारून रंग काढला तेव्हा खरा प्रकार कळला : डिस्क, म्हणजे हबवर बसणारा रिमचा मधला पत्रा, मुळात पाच भोकांची होती. जुनी भोकं वेल्डिंगने भरून, ग्राइंडर मारून, वर पुट्टी लावून त्याच वर्तुळावर सहा नवी भोकं पाडली होती.

यात काय बिघडतं ते नीट समजून घ्या. पाच भोकं एकमेकांपासून ७२ अंशांवर असतात, सहा भोकं ६० अंशांवर. एक भोक जुन्यावर जुळवून घेतलं, तर त्याच्या दोन्ही बाजूंची नवी भोकं जुन्या भोकांपासून फक्त १२ अंशांवर येतात. १५० मिमीच्या वर्तुळावर हे अंतर जेमतेम १६ मिमी. भोकाचा व्यासच तेवढा असेल, तर नवं भोक भरलेल्या भोकाला चिकटतं. वेल्डिंगची कड ठिसूळ असते, नट आवळल्याचा ताण नेमका तिथेच येतो, आणि चीर तिथूनच सुटते. शिवाय हाताने ड्रिल मारलेली भोकं मध्याला धरून नसतात, म्हणून चाक डुलतं आणि नट ढिले होतात. हे रस्त्यावर, घाटातल्या उतारावर झालं तर माणूस जातो. म्हणून याला साधी फसवणूक म्हणून सोडून देऊ नये.

टायरचा नंबर जुळला म्हणजे चाक जुळलं असं नाही. विचारायच्या गोष्टी चार : स्टड किती, स्टडच्या वर्तुळाचा व्यास (मेकॅनिक त्याला पीसीडी म्हणतात), मधल्या भोकाचा व्यास आणि डिस्क रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते. सम संख्येच्या स्टडना समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. पाच स्टड असतील तर समोरासमोर काही येत नाही. शेजारच्या दोघांमधलं अंतर मोजून १.७ ने गुणा. उदाहरणार्थ, ८२ मिमी आलं तर वर्तुळ सुमारे १४० मिमीचं. मधलं भोक हबपेक्षा सैल असेल, तर चाक मध्यावर धरायचं काम नटांवर पडतं. नट कोनाचे (टोकाला निमुळते) आणि भोकं सपाट नटांची, किंवा उलट, असंही घडतं. दोन्ही जुळल्याशिवाय आवळू नका.

८-१८ मधला १८ इंच हा रिमवर टायरची कड बसते तिथला व्यास असतो. बाहेरच्या ओठावरून टेप लावली, तर तो दीड-दोन इंच जास्त भरतो आणि "ही २० ची आहे" असं सांगून दुसराच माल गळ्यात मारता येतो. डिस्कचा आत-बाहेरपणा चुकला तर टायर मडगार्डला घासतो किंवा ट्रॅकची रुंदी (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) बदलते. आंब्याच्या बागेत, जांभ्याच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून चालवताना ती रुंदी नेमकी लागते.

टायर चढवलेली रिम घेऊच नका. टायर उतरवून आतली बाजू दाखवायला सांगा. विकणारा नाही म्हणाला तर व्यवहार तिथेच संपवा, कारण कुजका भाग टायरखालीच लपतो. आपल्याकडे वजनासाठी टायरमध्ये पाणी भरतात. पंक्चर झालं की ते ट्यूब आणि रिममध्ये झिरपून राहतं, आणि पाणी खाडीकडच्या विहिरीचं असेल तर पत्रा आतून पापुद्रे सुटावेत तसा सुटतो. बाहेरून रंग मात्र चकचकीत. जुन्या स्पीकरचं चुंबक खिशात ठेवा आणि रिमभर फिरवा. पुट्टीवर ते चिकटत नाही. व्हॉल्व्हच्या भोकाभोवती आणि टायरची कड बसते त्या पट्ट्यावर किल्लीने खरवडा. मग लहान हातोडीने ठोका. सलग पत्रा 'ठण्ण' वाजतो, भेगाळलेला बद्द. डिस्कच्या मागच्या बाजूला गोल, फिकट चट्टे दिसले तर ती बुजवलेली भोकं समजा.

टायरही सोबत मिळत असतील तर बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी कोड पाहा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. झिजलेल्या टायरच्या खोबणी ब्लेडने खोल कोरून, काळं पॉलिश मारून विकतात. कोरलेल्या खोबणीच्या तळाशी कापाच्या रेघा दिसतात, कधी कापडाचे धागेही. दोन्ही टायरवरचे तिरपे काटे एकमेकांच्या उलट आहेत ना, तेही बघा. ट्रॅक्टरच्या मागून पाहिलं तर दोन्ही चाकांवर टोक वर असलेला ∧ दिसायला हवा, नाहीतर तुमच्या गळ्यात दोन डावी चाकं पडली आहेत. फोर व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या) ट्रॅक्टरवर पुढच्या-मागच्या चाकांचं प्रमाण बिघडलं तर गिअरवर ताण येतो, म्हणून तिथे साइज बदलायचा विचारही नको.

पैशांचं सांगायचं तर बिल्टीचा फोटो म्हणजे माल नव्हे. बिल्टीवरच्या ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात स्वतः फोन लावून नंबर खरा आहे का विचारा. तो फोन नंबर विकणाऱ्याकडून घेऊ नका. "पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा" असं कुणी म्हणालं तर लगेच फोन ठेवा, पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही. टोकन द्यावंच लागलं तर 'हबवर बसवून पाहिल्यावर उरलेले' अशी अट आधी मेसेजवर लिहून घ्या. भोकांची संख्या, वर्तुळाचा व्यास आणि "वेल्डिंग नाही, नवी भोकं नाहीत" हे शब्दही त्याच मेसेजमध्ये असू द्या. दुकानदार असेल तर बिल मागा.

फसलाच असाल तर रंग पूर्ण खरवडू नका. आधी मोजपट्टी ठेवून फोटो, व्हिडिओ घ्या, मेकॅनिककडून दोष लिहून घ्या. ऑनलाइन पैसे घेऊन माल पाठवलाच नसेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवली जायची शक्यता कमी. दुकानदाराने खोटा माल दिला असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही.

आणि आपली मूळ डिस्क धड असेल तर जोडी शोधायच्या आधी तीच वाचवा. लेथवाल्याकडून मापाची नवी रिंग जुन्या डिस्कवर बसवून घेता येते, भोकं आणि मध्य मूळचेच राहतात. आतून गंज काढून रेड ऑक्साइड आणि इपॉक्सी मारा, मगच टायर चढवा. नट समोरासमोर आवळत जा, पहिल्या दोन-तीन तासांच्या कामानंतर परत आवळा, आणि दहा तासांनी पुन्हा एकदा बघा.