नाथसागराकाठचा मुक्काम: धुकं बघायचं तर इथून

पैठणच्या पुढे, नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठाला लागून असलेल्या शेतात एका शेतकरी कुटुंबाने पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत. मी अंबडची, शाळेत भूगोल शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन गेले होते. पाचपैकी पाच तारे देतेय, ते सगळ्यात आधी मालकांच्या खरेपणाला.

बुकिंगला फोन केला तर दादा म्हणाले, "ताई, उद्या नका येऊ. वारं सुटलंय, आभाळबी हाय. धुई पडायची नाई. दोन रोज थांबा." आलेलं गिऱ्हाईक असं कोण थांबवतं? धुई म्हणजे धुकं, आणि त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरणाचं पाणी अजून कोमट असतं. आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन आणि तिच्यावरची हवा झपाट्याने गार होते. ती गार हवा पाण्यावर सरकली की पाण्याची वाफ तिथल्या तिथे बारीक थेंब होऊन तरंगते. वारा असेल तर काहीच टिकत नाही. मी हे फळ्यावर आकृती काढून शिकवते, दादा सांजच्या हवेवरून सांगतात.

पहाटे वहिनी दाराशी येऊन हाक मारतात. उजाडता उजाडता पाणी असं दिसतच नाही. गुडघाभर उंचीचे पांढरे झोत उठतात, सावकाश गरगरतात आणि एकमेकांत मिसळून पुढे सरकतात. काठावरच्या बेशरमाच्या झुडपांत कोळ्यांची जाळी दहिवराने वाकलेली होती. थर्माकोलच्या तराफ्यावरचा मासेमार फक्त कमरेच्या वर दिसत होता. तराफाही नाही, जाळंही नाही, नुसते ओढणारे हात. पक्षी दिसायच्या आधी ऐकू येतात. चक्रवाकांचा नाकातला आवाज आईने सगळ्यात आधी ओळखला. हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, म्हणून दादा काठावर मोबाइलवर गाणी लावू देत नाहीत. फार चांगलं करतात.

आम्ही पाण्याकडे बघत होतो, दादा मात्र पाठमोरे, तुरीकडे तोंड करून उभे. धुई रोज पडायला लागली तर तुरीचा फुलोरा गळतो. "तुमाला बघायला बरं वाटतं, वाटू द्या. आमाला फवारणीचा खर्च लागतो," एवढंच बोलले आणि आईला बसायला खुर्ची आणून दिली. त्यांच्या आजोबांची जमीन जायकवाडीच्या पाण्याखाली गेली. १९७६ मध्ये धरण पूर्ण झालं, तेव्हा उरली ती ही वरची पट्टी.

नाश्त्याला सुशीला (भिजवलेले मुरमुरे फोडणीला टाकून केलेली), भरपूर शेंगदाणे आणि लिंबू पिळलेली. दुपारी ज्वारीची भाकरी, ठेचा, पिठलं. धपाटे मागितले तर करून देतात, सोबत घट्ट दही. जेवणात नाव ठेवायला जागा नाही.

खोल्या साध्या, चादरी स्वच्छ. संडास-बाथरूम बाहेर, अंघोळीला बंबाचं पाणी. शेवटचा रस्ता मातीचा आहे, पाऊस झाला असेल तर लहान गाडी नेऊ नका. काठाकडे उतरणाऱ्या पायवाटेवर दहिवराने चिखल होतो. म्हाताऱ्या माणसांसाठी तिथे एक दोर किंवा बांबूचा कठडा बांधा, एवढं दादांना सांगून आले आहे. स्वेटर, कानटोपी आणि टॉर्च न्या. फोन आदल्या संध्याकाळी करा. ते "नका येऊ" म्हणाले तर तारीख बदला.