जिओस्पेशल आणि शहरं कॉन्फरन्स: कागदपत्रं झकास, पण आत शिरायचं दार कुठंय?

कॉन्फरन्सबद्दल लिहिताना लोक कीनोट कोणाचं होतं आणि पेपर कसे होते तेवढंच लिहितात, ते लिहिणारे भरपूर आहेत म्हणून मी फक्त व्यवस्थेबद्दल लिहितेय. रजिस्ट्रेशन, व्हिसाचं पत्र, हॉटेल, हॉल, वायफाय, पोस्टर आणि शेवटी ते सर्टिफिकेट. विषय जिओस्पेशल माहिती (म्हणजे नकाशे आणि जागेशी जोडलेला डेटा) आणि शहरं, आंतरराष्ट्रीय मामला. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण अशा कॉन्फरन्सचे आयोजक दर वेळी बदलतात आणि यंदाच्या टीमच्या शिव्या पुढच्या टीमने का खायच्या. माझे मार्क: कागदपत्रांना पाचपैकी साडेचार, प्रत्यक्ष जागेवरच्या व्यवस्थेला जेमतेम अडीच.

आधी चांगलं सांगते. व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र. हे पत्र बहुतेक ठिकाणी फी भरल्याशिवाय देत नाहीत, आणि त्यात "या पत्राने व्हिसाची हमी मिळत नाही, खर्चाची जबाबदारी आमची नाही" हे वाक्य हमखास असतं, त्याला घाबरायचं काही कारण नाही. इथे फी भरली की पोर्टलवर आपणच पासपोर्टवरचं नाव, नंबर, जन्मतारीख टाकायची आणि पीडीएफ लगेच हातात. सही, शिक्का, खात्री करायला फोन नंबर, पेपरचं शीर्षक आणि "पेपर सादर करणार आहेत" असं स्पष्ट वाक्य, सगळं जागच्या जागी. काही ठिकाणी नुसतं "उपस्थित राहणार" लिहून मोकळे होतात, तसं झालं तर मागे लागून बदलून घ्या. नाव मात्र पासपोर्टवर आहे अगदी तसंच टाकायचं, बॅजवर काय छापायचं ते फॉर्ममध्ये वेगळं विचारतात, शॉर्टकट नाव तिथे टाका.

व्हिसा नाकारला गेला तर काय, हेही आधीच लिहिलेलं होतं: नकाराचं पत्र जोडा, थोडी कपात करून फी परत, नाहीतर ऑनलाइन सहभागात बदलून घ्या. हे साइटवर लिहिलेलं नसेल तर फी भरायच्या आधी मेल करून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आणि एक गोष्ट कोणी बघत नाही ती म्हणजे पेपर स्वीकारल्याचा निकाल आणि कॉन्फरन्स यांच्यात वेळ किती आहे. समजा कॉन्फरन्स शेंगेन देशात (एकाच व्हिसावर चालणारे युरोपातले देश) आहे, तर अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी करावाच लागतो, निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात पण प्रकरण अडलं तर ४५ पर्यंत जाऊ शकतं, वर विम्याचं कव्हर किमान ३०,००० युरोचं पाहिजे. आता निकालच दोन महिने आधी लावला तर ज्याला व्हिसा लागत नाही तो आरामात जाणार आणि ज्याला लागतो तो अपॉइंटमेंटच्या पानावर रिफ्रेश मारत बसणार. या टीमने निकाल बराच आधी लावला, साडेचार मार्क खरं तर यासाठीच आहेत.

पेपर पाठवायच्या तारखेत एक गंमत असते, नवीन लोकांसाठी सांगते. "एओई" असं लिहिलेलं असतं, म्हणजे पृथ्वीवर कुठेतरी अजून ती तारीख चालू आहे तोवर मुदत आहे. हिशोब यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) उणे १२ तासांचा, म्हणजे शेवटच्या दिवशीचे रात्रीचे ११:५९ हे यूटीसीने दुसऱ्या दिवशी सकाळचे ११:५९ होतात. झोप काढून पण जमतं. दुसरं म्हणजे आपला पेपर कुठे छापून येणार ते पाठवण्याआधी बघा. आयएसपीआरएस (हवाई फोटो आणि उपग्रहचित्रांवरून मोजणी करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था) हिच्या कार्यक्रमांत पेपर छापायच्या दोन मालिका असतात, अ‍ॅनल्सला पूर्ण पेपर जातो आणि तो दोन्हीकडची नावं झाकून तपासतात, आर्काइव्ह्जला गोषवाऱ्यावरून निवड होते. ऑफिसात किंवा विद्यापीठात तुमच्या पेपरला किती वजन देतात ते यावर ठरू शकतं. आणि पेपरमागे निदान एका लेखकाची पूर्ण फी भरलेली लागते, नाहीतर पेपर सरळ प्रोसीडिंग्जमधून (कॉन्फरन्सच्या पेपरांच्या संग्रहातून) बाहेर. एका फीमध्ये किती पेपर चालतात हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

हॉटेलचं थोडक्यात. आयोजकांनी "खास दर" म्हणून खोल्या अडवून ठेवलेल्या असतात, त्याला एक शेवटची तारीख असते, ती गेली की दर गेला. यंदाचा खास दर काही खास नव्हता, तीच खोली बाहेरून तेवढ्यालाच मिळत होती आणि वर रद्द करायची सोय जास्त चांगली. व्हिसा हातात नसताना रद्द न होणारं बुकिंग करायचंच नाही, एवढं पाळा. आणि "आम्ही कॉन्फरन्सचे अधिकृत हाउसिंग पार्टनर" म्हणून मेल किंवा फोन आला तर आधी कॉन्फरन्सच्या साइटवर ते नाव आहे का बघा, असल्या लबाड एजन्सी वक्त्यांची यादी जाहीर झाली की लगेच मागे लागतात, कार्डाचा नंबर मागतात आणि गायब.

आता अडीच मार्कांची कहाणी.

नकाशावाल्यांची कॉन्फरन्स. अर्धे लोक जीआयएसमध्ये (कॉम्प्युटरवरच्या नकाशांच्या कामात) मुरलेले, बाकी अर्धे शहरांचे थ्रीडी मॉडेल बनवणारे, आणि साइटवर हॉलची जी पिन टाकली होती ती कॅम्पसच्या मधोमध एका हिरवळीवर! म्हणजे काय झालं असणार ते कोणीही ओळखेल, पत्ता जिओकोडरला (पत्त्यावरून नकाशावरचा बिंदू काढणाऱ्या सॉफ्टवेअरला) दिला, त्याने अख्ख्या आवाराचा मध्यबिंदू दिला, आणि तो कोणी तपासला नाही. बहुभुजाचा मध्यबिंदू हे दार नसतं, आवार एल आकाराचं असेल तर तो मध्यबिंदू आवाराच्या बाहेरसुद्धा पडू शकतो, हे आम्ही सगळे दुसऱ्यांना शिकवतो. आवाराला फाटकं बरीच आणि सकाळी उघडं असायचं ते नेमकं मागच्या रस्त्यावरचं. पहिल्या सकाळी पाठीवर पोस्टरच्या नळ्या घेतलेली माणसं कंपाउंडच्या कडेकडेने फिरतायत, फोन वर धरून, आणि एकमेकांकडे बघून हसतायत. मी एका स्वयंसेवकाला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, नकाशा बघू नका, त्या लोकांच्या मागे जा." यावर काय बोलणार.

यात हसण्यासारखं नाही ते असं, की व्हीलचेअरवरच्या एका सहभागी बाईंना रॅम्प कुठल्या बाजूला आहे ते कळायला तीन माणसांना विचारावं लागलं. ओपनस्ट्रीटमॅपवर (कोणीही भर घालू शकेल असा खुला नकाशा) इमारतीचं मुख्य दार वेगळा बिंदू म्हणून टाकता येतं, तिथून व्हीलचेअर जाते का तेही नोंदवता येतं, पाच मिनिटांचं काम. दुपारच्या चहापर्यंत कोणीतरी सहभागीनेच ते करून टाकलं, आयोजकांनी नाही. पुढच्या टीमने एवढंच करावं: दाराचे अक्षांश-रेखांश, रॅम्पचे वेगळे, आणि दाराचा एक फोटो. कॉन्फरन्स चीनमध्ये असेल तर अजून एक भानगड, तिथल्या नकाशांना जीसीजे-०२ ही सरकारी पद्धत लागते, तिच्यात डब्ल्यूजीएस-८४ चे (म्हणजे जीपीएस वापरतं त्या पद्धतीचे) बिंदू मुद्दाम सरकवलेले असतात, त्यामुळे जीपीएस आणि नकाशा यांच्यात काही शे मीटरचा फरक पडू शकतो. तिथे तर फोटो पाहिजेच.

बसचं मात्र छान होतं आणि त्याचं श्रेय शहराला. शहराने बसचा डेटा जीटीएफएसमध्ये (बसच्या वेळापत्रकांचा ठरलेला फॉरमॅट) खुला ठेवलाय, म्हणजे कुठल्याही नकाशा अ‍ॅपमध्ये पुढची बस कधी ते दिसतं. (हे जीटीएफएस प्रकरण २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेने आणि गूगलने मिळून सुरू केलं, आता जगभर तेच चालतं.) आयोजकांच्या स्वतःच्या शटलचं वेळापत्रक मात्र दारावर चिकटवलेल्या कागदावर, आणि कागद दाराच्या आतल्या बाजूला. ज्यांनी शटलचा नाद सोडून बस धरली ते वेळेवर पोचले.

वायफाय आणि वर्कशॉप. हॉल विद्यापीठाचा असल्यामुळे एज्युरोम (विद्यापीठांचं सामायिक वायफाय) होतं, विद्यापीठवाले फोन खिशातून न काढता जोडले गेले. पण शहरांवरच्या कॉन्फरन्सला महापालिकांचे लोक येतात, कंपन्यांचे येतात, त्यांच्याकडे एज्युरोमचं खातं नसतं, त्यांच्यासाठी जे पाहुण्यांचं नेटवर्क ठेवलं होतं ते सकाळी वर्कशॉप सुरू झाला आणि आडवं पडलं. कारण वर्कशॉपचा डेटा आधी पाठवलाच नव्हता, अख्ख्या खोलीने एकदम पॉइंट क्लाउड (लायडारने, म्हणजे लेसरने, मोजलेल्या बिंदूंचा ढीग) डाउनलोड करायला घेतला, लायडारचा डेटा म्हणजे काय दोन-चार फोटो आहेत का! शिकवणारा हुशार, त्याने पेनड्राइव्ह फिरवले, पण ज्यांच्याकडे ऑफिसचा लॅपटॉप होता त्यांचे यूएसबी बंद केलेले. म्हणून सांगते, वर्कशॉप घेतला असेल तर आधीच्या आठवड्यात मेल करून डेटाची लिंक आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती मागून घ्या, ऑफिसच्या लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करायची परवानगी आहे का तेही घरूनच बघा. वर्कशॉप स्वतः उत्तम होता, सिटीजीएमएल ३.० वर, म्हणजे ओजीसी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं २०२१ चं शहरांच्या थ्रीडी मॉडेलचं मानक, अर्धा तास वाया गेला नसता तर अजून मजा आली असती.

सादरीकरणाच्या खोल्यांत प्रोजेक्टर जुने. यामुळे नुकसान कोणाचं झालं तर नकाशांचं, कारण फिकट पिवळ्यापासून सुरू होणारा रंगक्रम पडद्यावर सरळ पांढरा दिसतो, निम्मे वॉर्ड गायब. लाल-हिरव्याचे नकाशे तर अजूनही लोक आणतात, उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के लोकांना लाल-हिरव्यात गोंधळ होतो हे माहीत असूनसुद्धा. कलरब्रूअर या नकाशांचे रंग सुचवणाऱ्या साइटवर रंगांधांना चालतील असे क्रम वेगळे काढता येतात, ते वापरा, आणि स्लाइड देताना व्हिडिओ वेगळी फाइल म्हणूनही द्या. खोलीतल्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नव्हते, ज्यांनी पीडीएफ आणली होती ते वाचले.

पोस्टरचा प्रकार राहिलाच. सूचनेत ए० उभा, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. जागेवर बोर्ड आडवे आणि उंचीला अपुरे. खालचा भाग, जिथे संदर्भ आणि क्यूआर कोड असतो, तो हवेत लोंबत होता. स्वयंसेवकांनी चिकटपट्टी लावून वेळ मारून नेली, पोरं खरंच मेहनती होती, चूक त्यांची नव्हती. कापडावर छापलेलं पोस्टर आणलं असेल तर घडी घालून बॅगेत जातं आणि विमानात नळीवरून वाद होत नाही, मी आता कागदावर छापणारच नाही.

सामानाचं दोन ओळीत: पॉवरबँक हातातल्या बॅगेतच, १०० वॉट-तासांपर्यंत सहसा परवानगी लागत नाही (२०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४), तरी आपल्या एअरलाइनचा नियम वाचून घ्या. स्टॉलवर दाखवायला ड्रोन किंवा जीएनएसएस (जीपीएससारखा) रिसीव्हर नेणार असाल तर कस्टम्ससाठी एटीए कार्ने (सामान तात्पुरतं नेऊन परत आणायचं कागदपत्र) आधी काढा आणि ड्रोन त्या देशात नेता येतो का ते आधी बघा.

शहराच्या थ्रीडी मॉडेलच्या कार्यालयाची टेक्निकल टूर मात्र चुकवू नये अशी होती. जागा कमी असतात आणि रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्ये तो पर्याय अगदी तळाशी असतो, बऱ्याच जणांना दिसलाच नाही. मॉडेल दर वर्षी अपडेट कोण करतं, बांधकाम परवानगीचा डेटा त्यात कसा येतो, हे जे प्रश्न सेशनमध्ये टाळले जातात ते तिथल्या कर्मचाऱ्यांनी मोकळेपणाने सांगितले.

सर्टिफिकेटं दोन असतात, उपस्थितीचं आणि सादरीकरणाचं, ऑफिसला बहुतेक वेळा दुसरंच लागतं. शेवटच्या दिवशी दुपारी डेस्क गुंडाळून टाकलं होतं, "मेलवर येईल" म्हणाले, आलं पण, फक्त पेपरचं नाव नव्हतं, ते परत मागून घ्यावं लागलं. पावती संस्थेच्या नावाने हवी असेल तर फी भरतानाच तसं टाका, नंतर पोर्टल तो रकाना बदलू देत नाही आणि अकाउंट्सवाले तुमच्या नावाची पावती घेत नाहीत.