रात्रीत इंजिनाचं हेड उतरवून सकाळी गाडी चालू करून देणारं गॅरेज

रत्नागिरीजवळच्या हातखंब्याच्या पुढे हायवेला लागून असलेलं हे गॅरेज बाहेरून बघितलंत तर थांबणार नाही, पत्र्याची शेड, दारात सडलेली ओम्नी, बोर्ड उन्हाने पांढराफटक. पण जुन्या मारुतीचं काम असेल तर डोळे झाकून इथेच टाका.

आमचं काम जरा येडचाप होतं. अमेरिकेत 2006 पासून 24 अवर्स ऑफ लेमन्स म्हणून रेस चालते, 500 डॉलरची खटारा घ्यायची (सेफ्टीचा खर्च त्यात धरत नाहीत) आणि तासन् तास पळवायची, ज्याचे लॅप जास्त तो पहिला. ते बघून आम्ही मित्रांनी एका बंद चिरेखाणीत, मालकाला विचारून, त्याची गावठी आवृत्ती केली. शनिवार-रविवार सहा-सहा तास, हेल्मेट, पट्टा आणि आत पाइपचा पिंजरा कंपल्सरी, बाकी सगळं भंगारातलं चालेल. आमची मारुती 800, कार्ब्युरेटरवाली. 796 सीसी, तीन सिलिंडर, वजनाला हलकी आणि पार्ट कुठल्याही तालुक्याला मिळतो, असल्या रेसला यापेक्षा शहाणी गाडी नाही असं माझं अजूनही मत आहे.

तर शनिवारी दुपारी तापमानाचा काटा वर गेला, मागून पांढरा धूर, डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाळ, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं सील) गेलं हे कळलंच. टेम्पोत चढवून इथे आणली. आमच्यातला एकजण पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला गेला तर मिस्त्रीकाका आतूनच ओरडले, "मेल्यांनो, आधी थंड होऊ दे तिला, तोंड भाजून घ्यायचंय काय!"

मला आवडलं ते यापुढचं. बऱ्याच ठिकाणी काय करतात, गॅस्केट बदलतात, थर्मोस्टॅट (इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) काढून फेकतात, फॅन डायरेक्ट म्हणजे सतत फिरेल असा जोडतात आणि पाठवून देतात, मग महिन्याभरात पुन्हा तेच. काकांनी पाना हातात घ्यायच्या आधी गरम का झाली ते शोधलं. रेडिएटरवर मागच्या बाजूने पाणी मारलं तर जाळीतून चिऱ्याचा लाल गाळ नुसता वाहतच राहिला. आणि फॅनचा प्लग ओढला तर आतली तांब्याची तार हिरवी होऊन भुगा झालेली, खाऱ्या हवेचं काम. खाणीत गाडी सगळा वेळ दुसऱ्या गिअरला, आरपीएम चढलेला पण वेग नाही, म्हणजे समोरून वारा येतच नाही, सगळी मदार त्या फॅनवर, आणि तोच बंद. कूलंटऐवजी विहिरीचं पाणी भरलं होतं त्यावरून वेगळा ओरडा बसला.

हेड उतरवल्यावर स्टीलपट्टी आडवी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून दाखवलं, मधे वाकलेलं होतं. फेसिंगला, म्हणजे तळ घासून सपाट करायला, ओळखीच्या लेथवाल्याकडे स्वतः घेऊन गेले, तिथे लाईट गेली, मग बसा. तोवर काकींनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पाठवली, त्याचे पैसे घेतले नाहीत (चटणी जहाल आहे, सांभाळून). बसवताना बोल्ट मधून बाहेर या क्रमाने, थोडे थोडे करून, टॉर्क रेंचने (किती जोरात आवळलं ते मोजणारा पाना). शहरातल्या चकाचक गॅरेजातही मी सर्रास पान्याला पाइप लावून आवळताना बघितलेत. टायमिंग बेल्टच्या खुणा जुळल्यात की नाही ते टॉर्च मारून मलाच बघायला लावलं.

रविवारी गाडी उशिरा सुटली पण शेवटपर्यंत पळाली, काटा मध्याच्या वर गेला नाही. एका झेनच्या मागे राहिलो, ते शनिवारच्या बुडालेल्या लॅपमुळे, त्यात गॅरेजचा दोष नाही.

कटकटी पण सांगतो. फोन उचलत नाहीत. किती वेळ लागेल विचारलं की "बघू" एवढंच. बिल कॅलेंडरच्या पाठीवर लिहून देतात, पण पार्टच्या दुकानाची पावती सोबत टाचलेली असते, मधे कमिशन नाही, मजुरी वाजवी. बसायला जागा म्हणजे ओम्नीची काढलेली सीट.

चार स्टार. गॅस्केट सेट येतानाच घेऊन या, त्यांच्याकडे शिल्लक असेलच असं नाही. आणि शिमग्यात, गणपतीत जाऊच नका, शटर बंद असतं.