लेकरांचा मोफत दवाखाना : आशाताई, अंगणवाडी आणि तपासणीची गाडी

माझी लेक आता साडेचार वर्षांची आहे. जन्मापासून तिचं सगळं सरकारी मोफत सेवेतच झालं. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले कास्तकार, सहा एकर कोरडवाहू वावर, कापूस आणि तूर.

सगळ्यात आधी आशाताई. बाळंतीण होऊन घरी आले तशी ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येऊन गेली. झोळीत टाकून वजन, काखेत थर्मामीटर, नाळ कोरडी आहे का ते पाहणं. आमच्या सासूबाई पहिल्याच दिवशी पाणी तापवायला निघाल्या, तर म्हणाली, "आत्याबाई, आज नका धुऊ, लेकरू थंडं पडते." घरी येऊन नवजात बाळ तपासायची ही पद्धत आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने उभी केली, मग ती देशभर गेली. मला याचा फार अभिमान वाटतो.

लेक दहा महिन्यांची असताना थंडीत खोकला झाला. मी घरगुती काढ्यावर होते. आशाताईने कपडा वर करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. ५४ भरले. "या वयात ५० किंवा त्याच्या वर गेले तं थांबाचं नाही," म्हणाली आणि त्याच दुपारी आम्हाला आरोग्य केंद्रात पोचवलं. न्यूमोनिया होता. तोंडावाटे औषध मिळालं, पाचव्या दिवशी पोरगी रांगत होती. मोठ्या पोराच्या वेळी साध्या हगवणीला एका खासगी दवाखान्यात सलाईन लावून १४०० रुपये गेले होते. हिच्या हगवणीला ओआरएसची पाकिटं आणि १४ दिवस झिंकच्या गोळ्या, बस.

पण मी हे लिहायला बसले ते अंगणवाडीतल्या तपासणीमुळे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी, २०१३ पासून सुरू झालेली, अंगणवाडीतल्या लेकरांसाठी वर्षातून दोनदा असते. दोन डॉक्टर, नर्सबाई, औषधवाले. लेक दोन वर्षांची होती. बाई डॉक्टरांनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि काढलाच नाही. सगळ्या पोरांना गप्प बसवलं, पुन्हा ऐकलं. मग मला विचारलं, "दूध पिताना हिला घाम यायचा का?" मला भोवळच आली. जिल्ह्याच्या ठिकाणी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, हृदयात बारीक छिद्र निघालं. असं लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजतं, सध्या फक्त लक्ष ठेवायचं, असं तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. तपासणीचा एक रुपया लागला नाही. एसटीचं भाडं आणि वेचाईचा एक दिवस तेवढा गेला.

आता खटकलं ते. आमच्या आरोग्य केंद्रात चार वर्षांत पाच डॉक्टर बदलले. प्रत्येक नवा डॉक्टर स्टेथोस्कोप लावतो, दचकतो आणि मला पहिल्यापासून सांगावं लागतं. तिची कहाणी पाठ असलेली एकटी आशाताईच, आणि ती काही डॉक्टर नाही. माझा मावसभाऊ आयर्लंडमध्ये नोकरीला आहे. तिथं जुलै २०१५ पासून सहा वर्षांखालच्या सगळ्या लेकरांना फॅमिली डॉक्टर मोफत झाला, २०२३ मध्ये आठ वर्षांखालच्यांना. मायबाप डॉक्टर निवडून लेकराचं नाव त्याच्याकडे नोंदवतात, लेकरू दोन वर्षांचं आणि पाच वर्षांचं झालं की तोच पूर्ण तपासतो. श्रीमंत-गरीब पाहत नाहीत. हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. औषध आपल्याकडेही फुकट आहे, माणसंही मन लावून काम करतात. लेकराच्या नावापुढे एका डॉक्टरचं नाव मात्र नाही. ते मला हवं आहे, माझ्याच नाही, गावातल्या प्रत्येक लेकरासाठी.

वेळेची अडचणही आहे. आमच्याकडे बाह्यरुग्ण विभाग सकाळी, आणि वेचाईच्या दिवसांत सकाळीच वावरात जावं लागतं. संध्याकाळी दोन तास उघडा राहिला तर कितीतरी बाया लेकरं घेऊन येतील.

तरी जा, असंच मी म्हणेन. अंगणवाडीत तपासणीची तारीख लागली की त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. लसीकरणाचं कार्ड, इको, जुन्या चिठ्ठ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि नवा डॉक्टर आला की पिशवी आधी पुढे करा. आमची पिशवी देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर असते. पुढची इको पोळा झाल्यावर आहे.