गाडीशिवाय दहा महिने: नॉर्फोकच्या किनाऱ्यावरच्या घरगुती बसगाड्या आणि पाळणे

फेब्रुवारीत केअर होममधल्या नोकरीसाठी इंग्लंडच्या नॉर्फोक परगण्यातल्या शेरिंगहॅमला आले, तेव्हा प्रत्येकाने एकच सल्ला दिला: आधी गाडी घे. भारतातल्या लायसन्सवर इथे पहिलं वर्षभर गाडी चालवता येते, पण मला ते धाडस नव्हतं. ड्यूटी, बाजारहाट, सुट्टीचं भटकणं, सगळं बसनेच झालं. इकडे यायच्या तयारीत असलेल्यांसाठी सविस्तर लिहिते.

माझी नेहमीची बस सँडर्सची कोस्टहॉपर, क्रोमर ते वेल्स-नेक्स्ट-द-सी. सँडर्स ही होल्टमधली कुटुंबाची कंपनी. पूर्वी कोस्टहॉपर नॉर्फोक ग्रीन ही इथलीच छोटी कंपनी चालवायची. 2013 मध्ये ती स्टेजकोच या देशभर बस चालवणाऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली, आणि 2018 च्या एप्रिलमध्ये स्टेजकोचने इथलं काम थांबवलं. तेव्हा वेल्सच्या पूर्वेचा भाग सँडर्सने उचलला आणि पश्चिमेचा, किंग्ज लिनकडचा, लिंक्सने. दोन्ही कंपन्या इथल्याच. या किनाऱ्यावर रेल्वे शेरिंगहॅमलाच संपते; पुढच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना दवाखाना गाठायचा तर बसच. म्हणून मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

थांब्यावर उभं असलं तरी हात दाखवावा लागतो, आपल्या एसटीला दाखवतो तसा. हे शेजारच्या आजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं. चढताना कार्ड टेकवायचं. जानेवारी 2025 पासून एकेरी तिकिटाची कमाल मर्यादा 3 पौंड आहे, आधी 2 होती. उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हणतो, शाळेतली पोरंसुद्धा. एकदा मी 'हॅपिसबर्ग'ची चौकशी केली, तर ड्रायव्हरने हळूच सांगितलं, त्याला 'हेझबरा' म्हणतात. मागे रांग होती, पण घाई केली नाही.

या ड्रायव्हर लोकांचं खरं कसब स्टिफकी गावात दिसतं. दोन्ही बाजूंना गारगोटीच्या भिंती, मधून जेमतेम एक बस जाईल एवढा रस्ता. समोरून ट्रॅक्टर आला की कोणीतरी मागे जायचं. मी श्वास रोखून बसते. दहा महिन्यांत एकदाही कुठे घासल्याचं पाहिलं नाही.

एक वाईट दिवस सांगायला हवा. एका प्रवासाच्या अ‍ॅपवर विसंबून मी रविवारी क्लाय गावात बसची वाट बघत उभी राहिले. अ‍ॅपमध्ये उन्हाळ्याचं वेळापत्रक राहून गेलं होतं. पन्नास मिनिटं पाऊस आणि वारा. तेव्हापासून छापील वेळापत्रक पर्समध्ये असतं. उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं वेगळं असतं, ऋतू बदलला की नवीन घ्या. संध्याकाळची शेवटची बस तर आधीच पाहून ठेवा, खेड्यांत ती लवकर जाते.

ऑगस्टमध्ये दादा-वहिनी आणि भाचा आले. बस बदलत बदलत आम्ही ग्रेट यार्मथ गाठलं. तिथलं प्लेझर बीच हे पाळण्यांचं पार्क 1909 पासूनचं, आणि तेही एका कुटुंबाच्या हातात. आत जायला पैसे नाहीत, बसाल त्या राइडचे द्यायचे. वहिनीला हे फार आवडलं; ती बाकावर बसून समुद्र बघत राहिली.

तिथली सीनिक रेल्वे, म्हणजे जुनी लाकडी रोलर कोस्टर, 1932 ची. तिचा ब्रेक रुळावर नसतो, गाडीतच एक माणूस बसून हाताने लावतो. भाचा विचारत होता, "आत्या, त्यांचा हात दुखत नाही?" वळणाआधी तो माणूस दांडा ओढतो आणि पायाखालची लाकडं करकरतात. आपलं भलं एका माणसाच्या हातात आहे हे तिथे अंगाला कळतं. मी तीनदा बसले.

लहानग्यांसाठी जवळच जॉयलँड आहे, होरेस कोल यांनी 1949 मध्ये सुरू केलेलं. तिथल्या गोगलगायींच्या गाड्या संथ चालतात. सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर आधी तिथेच जा. हिपोड्रोम सर्कसची 1903 ची इमारतही एका कुटुंबाचीच आहे. खेळाच्या शेवटी रिंगण खाली जातं आणि त्यात पाणी भरतं. दादा त्याबद्दल अजून फोनवर बोलतो.

आता डिसेंबर आहे. पाळणे बंद, कोस्टहॉपर मात्र चालू. सकाळच्या ड्यूटीला निघाले की शेतांवर गुलाबी पायांचे हंस उतरलेले दिसतात, आइसलंडहून आलेले. वरच्या मजल्यावर, डावीकडची पुढची सीट.