पणजोबांचं नाव, राशीचं अक्षर की मोबाइलवरचं नवं नाव?

सातारा-सांगलीकडं बारशाआधीचा वाद बहुतेक घरांत तीन बाजूंनी रंगतो. आजीला पणजोबांचं नाव पुढं चालवायचं असतं, भटजींनी पत्रिकेवर अक्षर लिहून दिलेलं असतं आणि आईबाबांच्या मोबाइलमध्ये नावांची लांबलचक यादी तयार असते. आत्या बाळाच्या कानात कुर्र करायच्या आत यातलं एक ठरवायचंय.

राशीच्या अक्षराचं लवकर उरकतं. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, म्हणजे १०८ अक्षरं. त्यात हस्ताच्या वाट्याला 'ण' आणि 'ठ', उत्तरा भाद्रपदाला 'झ' आणि 'ञ'. आता 'ञ'वरून कोण काय ठेवणार? जन्मनाव पत्रिकेत आणि व्यवहारातलं वेगळं, ही तोड जुन्या लोकांनीच काढून ठेवलीय. श्रद्धा असेल तर तीच वापरा.

खरी लढत पणजोबा आणि मोबाइल यांच्यात. घराण्यातलं नाव पुन्हा ठेवायची रीत इथं थेट गादीपर्यंत पोचते: साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांचं मूळ नाव शिवाजी, म्हणजे आजोबांचंच. देवाच्या नावांचंही तसंच. जोतिबाच्या नवसाचा जोतीराम, म्हसवड-खरसुंडीकडचा सिद्धनाथ, पालीच्या खंडोबाचा मल्हारी. पोरगं कुणाचं, कुठल्या भागातलं, हे गावाला सांगावं लागत नाही.

अडचण व्हायची ती सुनेची. सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, मग त्याच नावानं पोराला ओरडायचं कसं? म्हणून असा नातू घरात 'आबा' नाहीतर 'दादा' व्हायचा. हे आता सैल झालंय. पण दोन्ही भावांना एकाच आजोबांचं नाव हवं असतं हे अजून आहेच. मग थोरला संभाजी, धाकटा संभाजी आणि कुरियर भलत्याच दारात. आणखी एक गंमत बघा, पणजोबांच्या नावासाठी हट्ट धरणारे पणजीचं नाव मात्र काढत नाहीत. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई इंग्रजांविरुद्ध लढल्या. मुलीला 'हौसा' म्हणायला काय वाईट आहे?

नवी नावं आटोपशीर, कानाला गोड. पण यादीतला अर्थ शब्दकोशात बघितल्याशिवाय मानू नका. 'आरव'पुढं बऱ्याच ठिकाणी 'शांत' लिहिलेलं दिसतं. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा. रात्री तीनला उठणाऱ्या आईबापांना हा दुसरा अर्थ जास्त पटेल. शिवाय वेगळं म्हणून ठेवलेलं नाव वर्गात आणखी दोघांचं निघतं.

अर्थाला किती वजन द्यायचं? माझ्या मते, पोराला तो आयुष्यभर बोचणार नाही इतपत बघावं. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून 'नकुशी' नाव ठेवलेल्या २८५ मुलींना ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात नवी नावं देण्यात आली. 'विश्वविजय' वगैरेही मला त्याच जातीचं वाटतं, फक्त उलट्या दिशेनं. आईबापांची इच्छा पोराच्या माथी.

माझा कौल पणजोबांना, पण दोन अटींवर: नाव तीन-चार अक्षरांत बसावं आणि आईलाही मनापासून आवडावं. आईचं मन नसेल तर सरळ नवं ठेवा, रुसवे बारशाच्या जेवणापर्यंत टिकतात. नाव निवडताना ते एकटं म्हणून बघू नका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात राज्य सरकारनं आईचं नाव बंधनकारक केलंय. बाळ, आई, वडील, आडनाव असा क्रम. चारही एका दमात मोठ्यानं म्हणा. 'प्रतापसिंह पुष्पलता पृथ्वीराज' म्हणताना शाळेत बाई अडखळणारच.

एवढं करूनही बाराव्या दिवशी एकमत झालं नाही तर पाळण्यात काहीही म्हणा. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते आणि नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं. इंग्रजी स्पेलिंग मात्र दाखला छापायच्या आधी स्वतः वाचा. 'ज्ञानेश्वर' असेल तर दोनदा.