फाइंड हब: रिक्षात विसरलेल्या फोनला उत्तम, खिसेकापूपुढे अर्धंमुर्धं

गूगलचं ‘फाइंड हब’ म्हणजे हरवलेला फोन शोधून देणारी सेवा, पूर्वीचं ‘फाइंड माय डिव्हाइस’. मे २०२५मध्ये नाव बदललं. फुकट आहे आणि बहुतेक अँड्रॉइड फोनांत आधीपासून चालू असतं. सोफ्याच्या फटीत गेलेल्या किंवा रिक्षात राहिलेल्या फोनसाठी याहून सोपं काही नाही. ‘प्ले साउंड’ दाबलं की सायलेंटवरचा फोनही पाच मिनिटं पूर्ण आवाजात कोकलतो.

चोर मात्र आधी वरचा पडदा ओढून एअरप्लेन मोड लावतो, नाहीतर सिमचा ट्रे उपसतो. फोन नेटवर नसला की नकाशावर दिसतं ते शेवटचं ठिकाण, आणि लॉक करण्याचा किंवा सगळं पुसण्याचा हुकूम फोन पुन्हा नेटवर येईपर्यंत अडकून पडतो. म्हणून लॉक स्क्रीनवरून तो पडदा उघडूच नये, अशी सोय तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये असेल तर आजच लावा.

नेट नसताना आसपासचे इतर अँड्रॉइड फोन ब्लूटूथवरून पत्ता कळवतात. पण मूळ सेटिंग फक्त गर्दीच्या जागांपुरतं असतं: दादर स्टेशनवर चालेल, गावातल्या गल्लीत नाही. फाइंड हबच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन डिव्हाइसच्या पर्यायात जाऊन ‘इन ऑल एरियाज’ निवडा. अर्थात चोराने ब्लूटूथच बंद केलं तर तेही गेलं. आणि नकाशावरचं वर्तुळ इमारत दाखवतं, मजला नाही. ते बघून एकट्याने दार ठोठावायला जाऊ नका.

फोनच्या सेटिंगमध्ये चोरीपासून बचावासाठी असलेल्या ‘थेफ्ट प्रोटेक्शन’मधली बटणं अँड्रॉइड १० आणि पुढच्या फोनांत मिळतात. त्यातलं ‘रिमोट लॉक’ आम्हाला सगळ्यात कामाचं वाटतं: दुसऱ्याच्या फोनवरून फक्त आपला नंबर टाकून स्क्रीन लॉक होते, पासवर्ड आठवावा लागत नाही. मात्र ते आधी चालू करून ठेवलेलं हवं.

या सेवेचा खरा घोळ लॉगिनचा. टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री) लावलेलं असेल तर गूगल खात्री करायला विचारणार नेमकं हरवलेल्याच फोनवर! यावर उतारा म्हणजे बॅकअप कोड. आठ आकडी दहा कोड मिळतात. ते कागदावर लिहून घरी ठेवा. मित्राच्या फोनवरच्या फाइंड हब ॲपमध्ये पाहुणा म्हणून लॉगिन करता येतं, त्याला स्वतःच्या खात्यातून बाहेर पडावं लागत नाही.

सगळं पुसणं अगदी शेवटी. पुसल्यावर फोन फाइंड हबमधून दिसेनासा होतो, आणि मेमरी कार्डावरचे फोटो तरीही राहू शकतात.

पुढचं काम गूगलचं नाही, सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरच्या सीईआयआरचं, म्हणजे हरवलेले फोन ब्लॉक करणाऱ्या यंत्रणेचं. सप्टेंबर २०१९मध्ये ते सुरू झालं तेव्हा पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र आणि गोवा होते. पोलीस तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक लागतो. *#०६# डायल करून तो आजच लिहून ठेवा. दोन सिमच्या फोनला दोन असतात. ओटीपी येतो त्याच नंबरच्या नव्या सिमवर, आणि नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला २४ तास लागू शकतात, तेव्हा नवं सिम आधी घ्या. ब्लॉक केलेला फोन वायफायवर चालतच राहतो, फक्त मोबाइल नेटवर्क मिळत नाही. अर्जाचा रिक्वेस्ट आयडी जपून ठेवा. फोन परत मिळाल्यावर हा आयडी टाकून अनब्लॉक केलं नाही, तर आपल्याच फोनमध्ये आपलंच सिम चालणार नाही.